निरगाठ

मी फुगे सोडायचो. सरकारी.
सोनेगावच्या वेधशाळेत, पहाटे पाचला एक,
संध्याकाळी पाचला एक,
एकतीस वर्षं.
जत्रेतल्यासारखे रंगीत नाहीत. पांढरे,
हायड्रोजन भरला की माणसाहून उंच,
खाली दोऱ्याला टिफिनाएवढा यंत्राचा डबा.
डबा वर जाता जाता सांगायचा :
इथे दाब इतका, इथे उष्णता इतकी,
इथे वाऱ्यानं तोंड फिरवलं.
तीस किलोमीटरवर फुगा फुटायचा.
मग आम्ही चहा टाकायचो.

नवतपा लागला होता.
रात्रीसुद्धा गच्ची तळपायाला चावत होती.
त्या पहाटेचा फुगा बारा किलोमीटरवर गेला
आणि थांबला.
वर नाही, खाली नाही. एकोणीस मिनिटं.
जिथून उणे पन्नास यायला हवं
तिथून आकडा आला : अडतीस.
परत अडतीस.
कणकण आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा, तेवढं.
मग डबा गप्प झाला.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं : थांबलं होतं.
डेहनकर साहेबांनी लाल पेनानं खोडलं,
"थांबला होता. फुगा पुल्लिंगी आहे, गोंडाणे."
खाली लिहिलं, उपकरण सदोष.
मी फुग्याबद्दल लिहिलं नव्हतं.

घरी वच्छला म्हणाली,
"काऊन जी, ऊन लागलं का तुमाले?"
आणि कांदा फोडून तळपायांना चोळत बसली.

त्याला पाय नसतील. तिथे पायांचं काय काम.
झोपत असेल एका वाऱ्यावरून दुसऱ्यावर कूस बदलत.
मेलं तरी खाली येत नसेल,
वाळत, हलकं होत, आणखीच वर जात असेल.
सावली असेल,
पण एवढं अंतर उतरेस्तोवर विरत असेल ती.
भर दुपारी बर्डीच्या चढावर
एखादा रिक्षावाला उगाच मान वर करतो,
घोटभर पाणी प्यायल्यासारखं तोंड होतं त्याचं,
आणि पुन्हा पायडल मारतो.
तेवढीच उरत असेल.

झिरो माईलच्या दगडावर
कुठल्या कुठल्या गावांचे मैल कोरलेत,
चांदा, जबलपूर, हैदराबाद.
वरचा एकही नाही.
मी एकदा भोवती फिरून पाहिलं.

दिवाळीच्या आसपास उमरेडकडून एक पोरगं आलं,
सायकलच्या कॅरिअरला डबा बांधलेला.
तुरीत पडला होता म्हणाला. दहा रुपये मागितले.
नंबर पाहिला, त्याच पहाटेचा.
मी पन्नास दिले.

दोरा तुटला नव्हता.
गाठ सुटली होती.
आता नीट ऐका, ती गाठ सुटत नाही.
निरगाठ आहे ती. विड्यांचे कट्टे बांधता बांधता
मायनं शिकवलेली,
दातांनी सोडवायची तर दात हलतो.
आणि दोऱ्यावर मुरड तशीच होती अजून,
कुणी घाई न करता
एकेक पीळ मागे नेत गेलं असावं, तशी.
एकोणीस मिनिटं.
हात नसणाऱ्याला तेवढी लागणारच.

फुगा काही आला नाही खाली.
मला वाटतं, त्याला ते आपलंच पोर वाटलं असेल :
पांढरं, गोल, बोलता न येणारं,
आणि कुणीतरी गळ्यात दोरी घालून
ओझं लटकवलेलं.

साहेबांना सांगितलं नाही. वच्छलालाही नाही,
कांदे महाग होते त्या साली.
दुसऱ्या पहाटेपासून मी सुरगाठ मारू लागलो.
एक टोक लांब ठेवून.
पुढच्या नऊ वर्षांत कितीतरी डबे परत आले,
सगळ्यांच्या गाठी शाबूत.

आता तिथे मशीन बसवलंय म्हणे,
आपोआप फुगवतं, आपोआप सोडतं.
गाठ कशी मारतं ते विचारायला
एकदा जाऊन यायचं आहे.